ग्राहकाच्या हातातील तराजू

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच अल्लाहने मापात कसूर करणाऱ्यांच्या विनाशाची घोषणा केली आहे. या आयतींवर बोलणे सुरू झाले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा दुकानदार उभा राहतो. कमी तोलणारा, दुधात पाणी घालणारा, जुना माल नवा म्हणून खपविणारा. परंतु आयतींचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. तेथे अपराध्याचे पहिले लक्षण घेण्याच्या प्रसंगातले सांगितले आहे : लोकांकडून घेताना तो पुरेपूर भरून घेतो. त्यानंतर सांगितले आहे की देण्याची पाळी आली म्हणजे तो कमी भरतो. माणूस एकच आहे. त्याच्याजवळ मापे मात्र दोन आहेत. याचा अर्थ असा की तराजू केवळ विक्रेत्याच्या हाती नसतो. ग्राहकाच्याही हाती तो असतो आणि ग्राहकालाही त्याचा हिशेब द्यावयाचा आहे.

घर सोडले तर बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे वाहन. चारचाकी घ्यावयाची ठरली की घरात महिनोन्महिने चर्चा चालते, नातलगांचा सल्ला घेतला जातो, चार शोरूम पालथी घातली जातात. या साऱ्या धावपळीत एक प्रश्न सतत विचारला जातो : कमीत कमी किती किमतीत मिळेल? प्रश्न रास्त आहे. तो विचारण्यात काही गैर नाही. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न श्रद्धावंताने स्वतःला विचारला पाहिजे : ही किंमत मी कोणत्या मार्गाने कमी करून घेत आहे?

घासाघीस निषिद्ध नाही

काही सज्जन मंडळींना वाटते की भाव करणे हे धार्मिक माणसाला शोभत नाही. विक्रेता सांगेल ती रक्कम मोजून मोकळे व्हावे. ही समजूत बरोबर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. उर्वा बारिकी (रजि.) यांना एक दीनार देऊन बकरी आणावयास पाठविले होते. उर्वा (रजि.) यांनी त्या एका दीनारात दोन बकऱ्या खरेदी केल्या, त्यांतील एक परत एका दीनाराला विकली आणि एक बकरी व एक दीनार घेऊन ते प्रेषितांच्या सेवेत हजर झाले. प्रेषितांनी त्यांना दोष दिला नाही. उलट त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. सौद्यातील चातुर्य ही अल्लाहची देणगी असून हलाल मर्यादेत तिचा उपयोग करणे प्रशंसनीय आहे, असे यावरून दिसते.

मदीनेत एकदा भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषितांना किमती ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. भाव चढविणारा व उतरविणारा अल्लाह आहे, आणि कोणाच्या मालाविषयी वा रक्ताविषयी अन्यायाची तक्रार आपल्यावर नसावी अशा स्थितीत आपण अल्लाहला भेटू इच्छितो, असे त्यांनी सांगितले. किंमत ही दोघांच्या राजीखुशीने ठरावयाची गोष्ट आहे; सूरह निसाच्या २९व्या आयतीत परस्पर संमतीचा व्यापारच वैध ठरविला आहे. आणि संमतीला अर्थ यावयाचा तर दोघांनाही विचारण्याचा, नाकारण्याचा व बोलणी करण्याचा हक्क असला पाहिजे.

भोळेपणाने फसणे हेही इस्लामला मान्य नाही. हब्बान बिन मुन्किज (रजि.) या सहाबींची सौद्यात वरचेवर फसगत होत असे. प्रेषितांनी त्यांना खरेदी करताना 'फसवणूक चालणार नाही' अशी अट उघडपणे बोलून दाखविण्यास शिकविले. काही कथनांनुसार त्यांना तीन दिवस फेरविचाराची मुदतही दिली. आजच्या ग्राहकानेही आपली अट अशीच उघड बोलावी. गाडीची एक्स-शोरूम किंमत किती, नोंदणी व रस्ता कर किती, विमा किती, ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीचे किती, हे एकेक करून लिहून मागावे. 'हँडलिंग चार्जेस' या नावाखाली काही रक्कम लावली असेल तर ती कशाबद्दल आहे हे विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ती देण्यास नकार द्यावा. कायद्याने विमा बंधनकारक आहे. तो त्याच शोरूममधून घेणे मात्र बंधनकारक नाही. गाडी कोणत्या वर्षी तयार झालेली आहे हेही पाहावे. वर्ष सरताना उरलेल्या गाड्यांवर सवलत मिळते ती याच कारणाने, कारण जानेवारीत त्या कागदोपत्री एका वर्षाने जुन्या होतात. दोन-तीन शोरूममधून लेखी दर आणावेत, त्यांची तुलना करावी. यांतील कोणत्याही गोष्टीत खोटे बोलावे लागत नाही. खरी घासाघीस माहितीच्या बळावर होते आणि माहिती मिळविण्याला शरीअतची काहीच हरकत नाही.

जाबिर (रजि.) यांचा उंट

वाहनाच्या खरेदीविषयी तर प्रेषितांच्या चरित्रात एक प्रत्यक्ष प्रसंगच आहे. ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचे वडील उहुदच्या युद्धात शहीद झाले होते. मागे कर्ज होते आणि लहान बहिणी होत्या. तरुण जाबिर यांच्यावर साऱ्या घराचा भार येऊन पडला होता. एका मोहिमेवरून परतताना त्यांचा उंट थकून मागे पडला. प्रेषित (स.) त्यांच्याजवळ आले, त्यांनी उंटाला काठीने टोचले, दुआ केली आणि तो उंट असा चालू लागला की सर्वांच्या पुढे जाऊ लागला. मग प्रेषितांनी विचारले की हा उंट एका उकियाला, म्हणजे चाळीस दिरहमांना, मला विकशील काय? जाबिर यांनी आधी नकार दिला. प्रेषितांनी पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला. मात्र मदीनेपर्यंत आपण त्याच उंटावर बसून जाऊ अशी अट घातली. ती मान्य झाली.

मदीनेत पोहोचल्यावर जाबिर उंट घेऊन हजर झाले. प्रेषितांनी ह. बिलाल (रजि.) यांना किंमत तोलून देण्यास आणि वर काही अधिक देण्यास सांगितले. जाबिर पैसे घेऊन निघाले तेव्हा त्यांना परत बोलाविण्यात आले. तुझा उंट घेण्यासाठीच मी तुझ्याशी घासाघीस केली असे तुला वाटले काय, असे विचारून प्रेषितांनी उंटही त्यांनाच परत दिला. या प्रसंगात घासाघिशीसाठी आलेला अरबी शब्द 'मुमाकसा' याच धातूचा आहे. हदीसवेत्ते व फुकहा भाव करण्याच्या वैधतेचा पुरावा म्हणून ही हदीस मांडतात.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगातील प्रेषितांचे औदार्य आपल्या लक्षात येते. परंतु त्यातील आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. विकत घेणारे साक्षात अल्लाहचे प्रेषित, त्या समाजाचे प्रमुख. विकणारा एक कर्जबाजारी तरुण. तरीही त्या तरुणाला 'नाही' म्हणता आले. त्याला स्वतःची अट घालता आली. प्रेषितांनी त्याच्या कर्जाचा उल्लेख करून दडपण आणले नाही, उंट थकलेला होता म्हणून त्याची निंदा केली नाही, आपल्याच दुआने तो धावू लागला याची किंमतही वजा केली नाही. सौद्यात समोरच्याला मोकळेपणाने नाही म्हणता येणे हीच संमतीची खरी खूण आहे. आपण भाव करतो तेव्हा समोरच्याकडे ही मोकळीक उरलेली असते काय, हे तपासून पाहावे.

लोकांच्या वस्तूंचे मोल घटविणे

ह. शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना जो उपदेश केला तो सूरह आराफच्या ८५व्या आयतीत आला आहे. मापे व वजने पुरी भरण्याची आज्ञा दिल्यानंतर ते लगेच सांगतात की लोकांच्या वस्तूंत घट करू नका. येथे 'बख्स' हा शब्द आहे. इमाम कुर्तुबी (रह.) यांनी या शब्दाचा अर्थ उलगडताना स्पष्ट केले आहे की वस्तूत नसलेले दोष दाखवून तिचे मोल पाडणे आणि किमतीविषयी दिशाभूल करणे हेही यात येते. हाच शब्द सूरह यूसुफमध्ये पुन्हा येतो. विहिरीतून काढलेल्या ह. यूसुफ (अलै.) यांना काफिल्याने मोजक्या दिरहमांत विकले, त्या कवडीमोल किमतीचे वर्णन कुरआनने 'बख्स' असेच केले आहे.

म्हणजे जो दोष नाही तो दाखवून भाव पाडणे ही बाजारातील साधी हुशारी नसून, ज्याविरुद्ध एका प्रेषिताने आपल्या कौमला बजावले ते हे पाप आहे. आणि येथे शब्द 'लोकांच्या वस्तू' असा आहे. केवळ श्रद्धावंतांच्या वस्तू असा नाही. विक्रेता कोणत्या धर्माचा आहे, ओळखीचा आहे की परका, मोठी कंपनी आहे की एकटा माणूस, यामुळे हुकूम बदलत नाही. आपल्या महाराष्ट्रात आपण ज्यांच्याकडून वाहने घेतो वा ज्यांना विकतो त्यांतील बहुसंख्य आपले मुस्लिमेतर देशबांधव असतात. इस्लामवरील आपली पुस्तके ते वाचतील की नाही हे सांगता येत नाही. आपले सौदे मात्र ते रोज वाचतात.

आता आपली भाषा आठवून पाहावी. 'पलीकडच्या शोरूमने मला तीस हजार कमी सांगितले आहेत', असे आपण म्हणतो, आणि पलीकडच्या शोरूमची पायरीही आपण चढलेली नसते. 'माझ्याकडे एवढेच पैसे आहेत', आणि खात्यात त्याहून दोन लाख अधिक असतात. जुनी गाडी पाहताना इंजिनाचा आवाज आपल्या मते उत्तम असतो. तोंडाने मात्र आपण म्हणतो की इंजिन काम मागते आहे. हे सारे इतक्या सहजपणे होते की यात कोणाला पाप वाटत नाही. पण असत्य हे असत्यच राहते. त्याची किंमत रुपयांत मोजली म्हणून त्याचा प्रकार बदलत नाही.

याचा अर्थ आपली कमाल रक्कम विक्रेत्याला उघड करून सांगितली पाहिजे असा नाही. मौन आणि असत्य यांत अंतर आहे. 'या गाडीला मी इतकेच देऊ इच्छितो' हे वाक्य खरे आहे. 'मला विचार करावयास वेळ हवा' हेही खरे आहे. 'अमुक शोरूमचा हा लेखी दर आहे, तुम्ही याहून कमी करू शकाल काय?' हे विचारणे तर सर्वांत परिणामकारक आहे आणि पूर्णपणे खरे आहे. उठून निघून जाण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. सत्याच्या मर्यादेत राहूनही भाव करण्यास इतकी जागा उपलब्ध असताना असत्याचा आधार घ्यावा लागतो तो सवयीमुळे, गरजेमुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. गाडी पाहावयास आपण बहुधा सहकुटुंब जातो. वडील 'एवढेच आहेत' म्हणतात तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला ठाऊक असते की काल रात्री घरात कोणती रक्कम ठरली होती. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार एका मातेने काही देते असे म्हणून मुलाला जवळ बोलाविले, तेव्हा प्रेषितांनी तिला काय देणार आहेस असे विचारले. तिने खजूर सांगितल्यावर, काही दिले नसते तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे त्यांनी बजावले. एका खजुराच्या असत्याची नोंद होते, तर लाखांच्या सौद्यातील असत्याची होणार नाही काय? आणि शोरूममध्ये बापाकडून जे मूल हे शिकले, ते उद्या बापाशी खरे बोलेल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

समोरच्याची गरज आणि त्याचे अज्ञान

जुन्या वाहनांच्या व्यवहारात परीक्षा अधिक कठीण असते, कारण तेथे ठरलेली किंमत नसते आणि विकणाऱ्यामागे पुष्कळदा काही अडचण असते. कोणाच्या घरी दवाखान्याचे बिल थकलेले असते. कोणाची आखाती देशातील नोकरी सुटलेली असते. एखाद्या भगिनीचा पती वारलेला असतो. गाडी दारात उभी असते, चालविणारे कोणी नसते आणि बाजारात तिला काय किंमत येईल याची त्या भगिनीला कल्पना नसते. अशा वेळी आपल्या वर्तुळात बातमी पसरते : 'गरजू आहे, स्वस्तात मिळेल.'

प्रेषितांच्या काळी खेड्यापाड्यांतून माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना बाजारात पोहोचण्यापूर्वीच रस्त्यात गाठून काही लोक माल खरेदी करीत. बाजारभाव ठाऊक नसल्यामुळे विकणारा कमी किमतीत देऊन टाकी. प्रेषितांनी याला मनाई केली, आणि सहीह मुस्लिममधील हदीसनुसार असा विक्रेता बाजारात आल्यावर त्याला सौदा रद्द करण्याचा अधिकारही दिला. वरकरणी पाहता तोही 'परस्पर संमतीचा' सौदा होता. परंतु अज्ञानातून आलेली संमती शरीअतने पुरी मानली नाही. वरील भगिनीच्या दारात उभी असलेली गाडी आणि रस्त्यात गाठलेला तो काफिला, यांत फरक काय आहे?

ह. जरीर बिन अब्दुल्लाह बजली (रजि.) यांचा प्रसंग इमाम तबरानी (रह.) यांनी नोंदविला आहे आणि इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात त्याचा उल्लेख केला आहे. जरीर यांच्या सेवकाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमांना एक घोडा ठरविला आणि पैसे घेण्यासाठी मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की तुझा घोडा तीनशेहून अधिक मोलाचा आहे, चारशेला देतोस काय? मालक तयार झाला. ते पुन्हा म्हणाले की तो याहूनही चांगला आहे. असे शंभर-शंभरने वाढवीत त्यांनी अखेर आठशे दिरहम देऊन तो घोडा घेतला. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आपण प्रेषितांच्या हातावर केली आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या चरित्रातही असेच आहे. एका स्त्रीने रेशमी कापड शंभरला विकावयास आणले असता त्यांनीच तिला त्याची खरी किंमत याहून अधिक असल्याचे सांगितले आणि अखेर ते पाचशेला घेतले.

प्रत्येकाने प्रत्येक सौद्यात असेच करावे असा हुकूम नाही. न्याय हे कर्तव्य आहे. एहसान ही त्यावरची पायरी आहे. मोठ्या शोरूमशी बोलणी करताना विक्रेत्याला बाजाराची आपल्याहून अधिक माहिती असते. तेथे न्यायाने वागले, खरे बोलले म्हणजे पुरे. पण जेथे समोरचा अडलेला आहे किंवा अजाण आहे, तेथे आपली जबाबदारी वाढते. निदान इतके तरी करावे : 'ताई, आधी दोन ठिकाणी किंमत विचारून घ्या, मग आपण बोलू.' एवढ्या एका वाक्याने कदाचित आपले वीस-पंचवीस हजार रुपये अधिक जातील. त्या वाक्याचे मोल मात्र तेथे होईल जेथे रुपये चालत नाहीत.

दोष पाहावा, दोष सांगावा

वाहन तपासून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ह. उमर (रजि.) यांनी एका माणसाशी घोड्याचा सौदा चालविला आणि पारखण्यासाठी तो चालवून पाहिला. त्यात घोड्याला इजा झाली. उमर (रजि.) तो परत करू लागले, मालक घेईना. दोघांनी शुरैह (रह.) यांना लवाद नेमले. शुरैह यांनी निर्णय दिला की, हे अमीरुल मोमिनीन, जे खरेदी केले ते ठेवा, अथवा जसे घेतले होते तसे परत करा. खलीफांनी हा निर्णय आपल्याविरुद्ध असूनही मान्य केला, इतकेच नव्हे तर शुरैह यांना कूफ्याचे काझी नेमले. आज आपण टेस्ट ड्राइव्ह घेतो, दुसऱ्याची जुनी गाडी दिवसभर फिरवून पाहतो, त्यात ओरखडा पडला तर काय करावे याचे उत्तर या घटनेत आहे.

आता दुसरी बाजू. नवी गाडी घेताना आपण बहुधा जुनी विकतो. सकाळी ग्राहक असलेला माणूस संध्याकाळी विक्रेता होतो आणि सूरह मुतफ्फिफीनमधील ती दोन मापे येथे प्रत्यक्ष दिसतात. दुसऱ्याच्या गाडीवरचा बारीक ओरखडा ज्याला दिसला होता, त्याला स्वतःच्या गाडीचा अपघात आठवत नाही. किलोमीटरचे मीटर मागे फिरविले जाते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाडच्या महापुरात कितीतरी वाहने पाण्याखाली गेली होती. अशी गाडी धुऊन-पुसून, नवी सीटकव्हरे घालून, पाण्याविषयी अवाक्षर न काढता विकणे किती गंभीर आहे हे समजण्यासाठी एकच हदीस पुरेशी आहे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे मालकाने सांगितले. मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसावे म्हणून वर का ठेवले नाहीस, असे विचारून, फसवणूक करणारा माझ्यापैकी नाही, असे त्यांनी जाहीर केले. पाऊस पाडणे त्या माणसाच्या हाती नव्हते आणि पूरही आपल्या हाती नाही. ओल वर ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

गाड्यांची जाण असलेल्या मित्राला आपण बरोबर नेतो. त्या मित्रानेही लक्षात ठेवावे की ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो. मित्राकडून विश्वास घ्यावा आणि विक्रेत्याकडून गुपचूप दलाली घ्यावी, हे अमानतीशी जुळत नाही. दलाली घ्यावयाची असेल तर ती उघड सांगून घ्यावी.

हप्त्याच्या आड लपलेली किंमत

शोरूममध्ये बोलणी किमतीवरून हळूहळू एका निराळ्याच प्रश्नाकडे वळतात : 'साहेब, महिन्याला किती हप्ता जमेल?' या प्रश्नाने घासाघीस तेथेच संपते. पंधरा हजारांच्या सवलतीसाठी तासभर झुंजलेला ग्राहक पुढच्या पाच मिनिटांत व्याजाच्या करारावर सही करून मोकळा होतो. हिशेब करून पाहावा. सहा लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो आणि पाच वर्षांत सुमारे १,४७,३०० रुपये केवळ व्याजापोटी जातात. झुंजून मिळविलेले पंधरा हजार कोठे राहिले?

हा झाला दुनियेचा हिशेब. दीनचा हिशेब सूरह बकराच्या २७५व्या आयतीत स्पष्ट आहे : अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम केले. ज्या सौद्यात आपण एकही खोटा शब्द बोललो नाही, तो सौदा व्याजाच्या करारावर नेऊन बांधला तर आपण काय वाचविले? म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी आपली ऐपत ठरवावी. नव्याऐवजी चांगली जुनी गाडी घ्यावी, लहान घ्यावी, दोन वर्षे थांबून पैसे साठवावेत. कुटुंबात ऐपत असलेल्यांनी अशा वेळी कर्जे-हसना देण्याची रीत पुन्हा जिवंत करावी. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे वर्णन उधळपट्टी व कंजूषी यांच्या मधल्या मार्गाने खर्च करणारे असे आले आहे. लग्नात वा मोहल्ल्यात मान वाढावा म्हणून घेतलेली मोठी गाडी कितीही घासाघीस करून घेतली तरी महागच पडते.

शब्द दिल्यानंतर

किंमत ठरली, हात मिळविला, की भाव करण्याची वेळ संपली. एकाचा सौदा ठरत आला असताना मध्येच दुसऱ्याने अधिक रक्कम देऊ करणे आणि घ्यावयाचे नसताना केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावणे, या दोहोंना प्रेषितांनी मनाई केली आहे. विसार घेतल्यावर 'दुसरा दहा हजार जास्त देतो' म्हणून विक्रेत्याने फिरणे किंवा ताबा घेतेवेळी ग्राहकाने ऐनवेळी पाच हजार कापून देणे, हे करार पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध आहे. सौदा मोडल्यास विसाराची रक्कम कोणाची, याविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. म्हणून ती अट आधीच स्पष्टपणे ठरवून लिहून ठेवणे उत्तम. देवाण-घेवाणीविषयी लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, सूरह बकराच्या २८२व्या आयतीत, दिली आहे.

लिहिण्याबरोबरच नोंदही आली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते. आरसी बुकावर नाव न बदलता महिनोन्महिने गाडी वापरणारे आपल्यात थोडे नाहीत. अपघात झाला तर नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. चार कागदांचा कंटाळा करून ज्याने आपल्याला गाडी विकली त्याला दुसऱ्याच्या अपघाताचा धनी करणे, हाही एक जुलूमच आहे.

प्रिय वाचकहो, ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये खरेदीदार व विक्रेता या दोघांचाही एकत्र उल्लेख आहे. दोघे खरे बोलले आणि दोष उघड करून सांगितले तर त्यांच्या सौद्यात बरकत दिली जाते. लपविले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. तेव्हा सर्वोत्तम किंमत कोणती, याचे उत्तर केवळ आकड्यात शोधू नये. जी किंमत दोघांनी जाणून-समजून, मोकळ्या मनाने मान्य केली आणि जिच्यासाठी कोणालाही खोटे बोलावे लागले नाही, ती सर्वोत्तम किंमत. ती शेजाऱ्याने दिलेल्या किमतीपेक्षा चार हजारांनी अधिक असली तरी स्वस्त आहे.

वाहनावर बसताना जी दुआ पढावयास आपल्याला शिकविली आहे ती सूरह जुखरुफमधील आहे. त्यात आपण मान्य करतो की हे वाहन आपल्या ताब्यात देणारा अल्लाह आहे, आपल्या अंगी ते सामर्थ्य नव्हते, आणि अखेर आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडेच परतावयाचे आहे. किल्ली फिरविण्यापूर्वी रोज हे शब्द ओठांवर यावयाचे असतील, तर ते वाहन अशाच मार्गाने घरी आलेले असावे की ते उच्चारताना मान खाली घालावी लागू नये.

हे अल्लाह! आमच्या कमाईत आणि आमच्या खरेदीत बरकत दे. घेताना व देताना आमचे माप एकच ठेव. आमच्या जिभांना असत्यापासून, आमच्या घरांना व्याजापासून आणि आमच्या हातांना दुर्बलांच्या हक्कापासून दूर ठेव. आमच्या मुलांना आमच्या सौद्यांतूनही तुझा दीन शिकता यावा असे आमचे आचरण घडव. आमीन.